चष्म्यातला आखाजीचा झोका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा या सणाचं कौतुक जास्त. माझी लेक जर्मनीला गेल्यापासून एकाही आखाजीला आली नाही. फोनवर मी दरवेळी तेच म्हणायची, "जमलं तर ये बाई, माझं काही अडत नाही." साफ खोटं! अमळनेरच्या या घरात तिच्याविना मला घास गोड लागत नव्हता. पण पोटच्या पोरीला 'ये ना' म्हणताना जीभच रेटायची नाही.

यंदा सणाच्या आधी तिनं व्हीआर खेळाचा तो चष्मा पाठवला. "आई, डोळ्यांवर लाव. आपण झोका खेळू." म्हटलं, आता एवढंच राहिलं होतं!

लावला, आणि काय सांगू! समोर कडुनिंब, त्याला दोराचा झोका. पदर खोचायला खाली पाहिलं तर अंगात फ्रॉक. माझ्या माहेरचा, भडगावचा लहानपणचा फोटो बघून तिनं मला खेळात तसंच बनवलं होतं, टीचभर. ती स्वतः मात्र चांगली उंच बाई. तिचं तोंड बघायला मला मान वर करावी लागली. लेकीकडं असं खालून मी कधी पाहिलंच नव्हतं.

ती झोका द्यायला लागली. मी आपली पलंगावर बसून पाय हलवतेय, दुखरे गुडघे विसरून "अजून उंच, अजून!" ओरडतेय. आणि काय झालं कोण जाणे, तिच्याशी कधी न बोललेली माझी अहिराणी तोंडातून निघाली, "कवय येशी वं घर? तुनाबिगर माले करमत नही."

झोका थांबला.

"आई, कधी येशील, करमत नाही, हे आधी का नाही बोललीस? मला वाटायचं, तुला माझी गरजच नाही."

मला रडूच फुटलं. डोळे पुसायला चष्मा काढला. समोर माझी खोली, माझे सुजलेले गुडघे. शेजारी फोन चालूच होता. त्यातून तिनं विचारलं, "मग टाकू ना रजा आखाजीला?"

मी पदर सावरला. "तुझं कामाचं बघ आधी. जमलं तर ये."

पलीकडून ती म्हणाली, "आई, तो चष्मा परत लाव. आणि मग सांग."