पाखरं हाकायचा आवाज

आमच्या गावच्या तलावावर शर्यत होते असं बाहेर कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, बक्षीस काय? बक्षीस कसलं डोंबलाचं! ठरलेली तारीख नाही, मांडव नाही, उद्घाटनाला कुणी साहेब नाही. धानाची रोवणी आटोपते, पोळा होऊन जातो, तलाव काठोकाठ भरलेला असतो आणि माणसांच्या हाताला जरा उसंत असते. अशा एखाद्या संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की कुणीतरी म्हणतं, "चाला बाप्पा, होऊन जाऊ द्या." मग ज्याच्याकडं डोंगा आहे तो घेऊन पलीकडच्या काठाला जातो.

डोंगा म्हणजे एकाच खोडाची पोखरून केलेली होडी. एक माणूस नीट बसतो. दुसरा बसला की दोघंही भिजतात. तिकडच्या काठाला डोंग्यात बांबू रोवायचा, त्याला शीड बांधायचं आणि वाऱ्यावर गावच्या पाळीकडं, म्हणजे तलावाच्या बांधाकडं, यायचं. वल्हं पाण्यात धरून दिशा द्यायला मुभा आहे, मारायचं नाही. मारलं की पाळीवरून शिव्या. शीड म्हणजे ज्याला जे सापडेल ते. कुणाची चादर, कुणाची शिवलेली पोती. एकानं तर निवडणुकीनंतर उतरवलेला फ्लेक्स बांधला होता, त्यामुळं हात जोडलेला एक पुढारी उलटा होऊन तलावभर फिरत होता.

माझ्या सासऱ्यांचं शीड खताच्या पोत्यांचं. तलावापलीकडं आमचं शेत, पाळीवरून गेलं तर मोठा वळसा पडतो, म्हणून त्यांनी तरुणपणापासून डोंगा ठेवलेला. पण शेत हे निमित्त. सकाळी चहा घेतला की डोंग्यावर, जेवायला घरी, परत डोंग्यावर. घरात असले की मात्र ओसरीत बसून एकच काम, माझ्या कामावर नजर. भाजीत मीठ कमी. गाईला पाणी उशिरा. मला थेट नाही हं! खांबाकडं बघून बोलायचे. आणि मी पदर पुढं ओढून, खांबाला बोललेलं ऐकून घ्यायची.

आमच्याकडं सून सासऱ्यापुढं आवाज काढत नाही. आता पुष्कळ घरांत हे सैल झालंय, आमच्या घरात नव्हतं झालं. आणि ही शिक्षा माझ्यासारखीला! माझं माहेर एकोडीकडचं. धान भरायला लागलं की पोपटांचे थवे उतरायचे, आणि माचीवर बसून त्यांना हाकायचं काम माझं. भावाला गोफण लागायची, मला काहीच लागायचं नाही. शेजारच्या बांधीतले लोक म्हणायचे, या पोरीले आमच्याही वावरात पाठवा. लग्न ठरलं तेव्हा आईनं एकच सांगितलं, "तेवढा आवाज इथंच ठेवून जा, बाई." ठेवला. म्हणजे गिळला.

तर अलीकडं सासऱ्यांना मोतीबिंदू झाला. दिवसा कसंबसं निभायचं, उजेड उतरला की सगळं धुरकट. तलावाच्या एका अंगाला शिंगाडे लावलेले असतात. त्या वेलांत डोंगा शिरला की पुढंही जात नाही, मागंही येत नाही. तिथं ते दोनदा जाऊन अडकले. दुसऱ्या खेपेला तर कुणी शोधत जाईपर्यंत तसेच बसून राहिले, हाक मारायला कमीपणा वाटला म्हणून. माझा नवरा म्हणाला, भंडाऱ्याला नेतो, ऑपरेशन करू. नाही. मग डोंगा तरी सोडा. तेही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. शेवटी बापलेकांचं जोरात वाजलं आणि सासरे रागाच्या भरात बोलून बसले, "यंदा शर्यतीत शेवटी आलो तं देऊन टाक डोंगा कोणालेबी. मी हूं का चूं करणार नाई."

नवऱ्यानं तो शब्द धरून ठेवला. तुमसरकडचा एक ओळखीचा माणूस डोंगा न्यायला तयारच होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते माझंच. डोंगा गेला की हा माणूस दिवसभर ओसरीत. मेले मी! पण शर्यतीच्या संध्याकाळी ते शीड खांद्यावर टाकून निघाले, दाराशी थांबले आणि पायानं चप्पल चाचपायला लागले. चप्पल समोरच होती. एवढी वर्षं तलाव अंगणासारखा तुडवलेला माणूस, त्याला चप्पल सापडेना.

पाळीवर अर्धं गाव होतं. पलीकडून पाच डोंगे निघाले. निम्म्या वाटेपर्यंत सासरे सगळ्यांच्या पुढं. वारा मानेवर कसा लागतो यावर ते डोंगा हाकायचे, त्याला डोळे लागत नाहीत. मी मनातल्या मनात नाचत होते. पण मग वाऱ्यानं अंग बदललं आणि त्यांचा डोंगा हळूहळू शिंगाड्यांकडं सरकायला लागला. त्यांना पत्ताच नाही. मागचे एकेक करून पुढं निघाले. मागं राहिला तो फक्त फ्लेक्सवाला.

"अहो, हाक मारा ना," मी नवऱ्याला म्हटलं. "मामाजी शिंगाड्यात चालले."

तो हात बांधून उभा. "जाऊ दे. अडकला तं बरंच हाय. एकदाचं मिटन."

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. बाप बुडेल या भीतीनं त्याची झोप उडालेली होती. पण म्हाताऱ्याला त्याच्याच शब्दात अडकवायचं आणि बघत उभं राहायचं, ही कुठली रीत? माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही मारता का मी मारू?"

"तू?" आणि तो हसला.

हसायला नको होतं त्यानं. पदर मी सारला की आपोआप खाली आला, आठवत नाही. तोंड उघडलं आणि पहिलं काय निघालं, तर "हाऽऽ होऽ होऽ होऽऽ!" पाखरं हाकायची हाक. गळ्याला तेवढंच पाठ होतं. काठावरचे बगळे उडाले. शेजारच्या बाया वळून माझ्याकडं बघायला लागल्या. वारा माझ्या तोंडावर होता, तरी तिकडं सासऱ्यांनी मान वर केली.

"मामाजीऽऽ! उजव्या हाताले घ्याऽऽ!"

त्यांनी घेतलं, आणि डोंगा सरळ शिंगाड्यांच्याच रोखानं वळला. अगं बाई! माझा उजवा तो त्यांचा डावा!

"नाईऽऽ! डावा उजवा सोडाऽऽ! माह्या आवाजावर याऽऽ!" आणि मी पाळीवरून पळत सुटले, जिथून समोर मोकळं पाणी होतं त्या धुण्याच्या दगडापर्यंत.

आता आवाजावर या म्हटल्यावर आवाज चालू ठेवायला हवा. "या, या" तरी किती वेळ म्हणणार? जरा थांबले की डोंगा भरकटायचा. मग म्हटलं, येईल ते बोलायचं. आणि आलं ते साठलेलं.

"भाजीत मीठ बराबर असतेऽऽ! तुम्ही तंबाखू खाऊन जेवाले बसता, चव कशी लागन? गाईले मी तुमच्या आधी उठून पाणी पाजतोऽऽ! अन् खांबाशी कायले बोलताऽऽ? मी काय मुकी आहो काऽऽ?"

पाळीवर हशा फुटला. नवरा डोक्याला हात लावून खाली बसला. डोंगा मात्र सरळ माझ्याकडं येत होता.

"माह्या बाळंतपणात रोज तलावातून मासोळ्या आणल्याऽऽ! मले वाटे विकत आणल्या! सासूबाईनं मरायच्या आधी सांगितलं तवा समजलंऽऽ! तुम्ही काहून नाई सांगितलंऽऽ?"

इथं माझा आवाज फाटला. पोपट हाकताना कधी फाटला नव्हता.

तिकडं फ्लेक्सवाला हे ऐकता ऐकता इतका हसला, इतका हसला, की स्वतःच पुढाऱ्यासकट शिंगाड्यात घुसला. सासऱ्यांचा डोंगा दगडाला लागला. त्यांनी हातानं दगड चाचपला, उतरले. मी पदर ओढून मागं सरले.

"मांगं कोणी राहिलं का?" त्यांनी लेकाला विचारलं.

"हाव. एक अडकला."

"मंग डोंगा घरीच राहते."

एवढंच. जेवताना मिठाचं नाव नाही. मी दुसरा दिवसभर त्यांच्या समोर गेले नाही.

संध्याकाळी ते वल्हं घेऊन दाराशी थांबले. खांबाकडं त्यांची पाठ होती. घसा खाकरला आणि जिथं मी तांदूळ निवडत होते तिकडं तोंड करून म्हणाले, "पोरी, काल सारं बोलून झालं का? काही राहिलं असन तं चाल पाळीवर. मी पल्याड जाऊन येतो."

मी सूप बाजूला ठेवलं, त्यांच्या चपला त्यांच्या पायापुढं सरकवल्या आणि माझ्या घातल्या. राहिलं होतं.