लाइट नसताना लागलेले टीव्ही

भूत, आत्मा, बाहेरची बाधा... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी हसून विषय बदलणारा माणूस. महापेला अकाउंट्समध्ये नोकरी, घणसोलीत वन बीएचके आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात. तरी हे लिहितोय. भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटली म्हणून.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली कविता गेली. नवरा म्हणाला, बाथरूममध्ये पाय घसरला. पोलिसांनी त्याला नेलं खरं, पण त्याच्याविरुद्ध बोलणारं कुणी नव्हतं. तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही खाली पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली. बॅनर मीच करून आणला — ‘अपघाती निधन’. चेअरमनसाहेब म्हणाले होते, "जास्त काही लिहू नका, उगाच बिल्डिंगचं नाव खराब होतं." आणि मला ते पटलंही!

दुपारपासून अख्ख्या सेक्टरची लाइट गेलेली. लिफ्ट बंद, म्हणून सगळे जिने उतरून आले. मेणबत्त्या लावून भाषणं झाली. कविता किती शांत, किती सोशिक, तिच्या हातच्या घावण्यांना काय चव... मग तिची तळवलीची बहीण सुनंदा उठली.

"माजी बहीन पाय घसरून मेली नाय. तुमी भिंतीला भिंत लावून रहाता. कोनालाच कायच आयकू आला नाय? पोलिसांना कोन सांगल?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. सेक्रेटरी या नात्याने मीच पुढे झालो. "ताई, आम्हाला खरंच काही कल्पना नव्हती हो. आता आपण दोन मिनिटं शांतता पाळूया."

शांतता झाली... आणि वर टीव्ही लागला. फुल आवाजात. मग दुसरा, मग तिसरा. सिरियल, बातम्या, क्रिकेट — सगळा एकच कल्ला! आमचा, समोरच्यांचा, वरच्यांचा, खालच्यांचा. कविताच्या घराला लागून असलेले तेवढेच. घरांना कुलपं, माणसं सगळी खाली, जिन्यात मिट्ट काळोख.

सुनंदाच बोलली. "लाइट नाय, मंग टीव्ही कशे लागले?"

माझी बायको शुभांगी रडायला लागली. मी तिचा हात दाबला, गप्प बस म्हणून. हो, तेव्हासुद्धा! तिने तो झटकला.

"सुनंदाताई, कविता ओरडायला लागली की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. सगळेच."

वरचा कल्ला एकदम थांबला.

नंतर मी इलेक्ट्रिशियन बोलावला. वायरिंग ठीक होती, इन्व्हर्टर आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तोही डोकं खाजवून निघून गेला. मला आजही काही उलगडा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी शुभांगी सुनंदाबरोबर जबाब द्यायला निघाली. मी मागोमाग गेलो. धीर द्यायला वगैरे नाही, ती काय काय सांगते ते बघायला. पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी तिचं सगळं लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "घरात आवाज वाढवायचं कोण?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हणालो. "रिमोट माझ्याच हातात असायचा."