बदलापूरचा ब

चिमीला वाचता येत नव्हतं, पण एक अक्षर ती कुठेही ओळखायची. लग्न होऊन बदलापूरजवळच्या खरवईत आली तेव्हा हरिचंद्रने, तिच्या नवऱ्याने, तिला स्टेशनवरची पाटी दाखवून सांगितलं होतं की पाटीवर पहिलंच हे अक्षर दिसलं की उतरायचं, आपलं गाव आलं. बदलापूरचा ब. त्या अक्षराने तिला कधी फसवलं नाही. फसवलं ते मी.

मी बदलापूरच्या टोकाला असलेल्या एका सरकारी शाळेत तिसरीला शिकवते. चिमी तिथे मुलांची खिचडी शिजवते. तिच्या सासरची भातशेती होती. ती बिल्डरला गेली, तिच्यावर सात मजली इमारती उभ्या राहिल्या, दिराने गाडी घेतली आणि हरिचंद्रच्या वाट्याला त्यातल्याच एका इमारतीची वॉचमनकी आली. आपल्याच बांधावर खुर्ची टाकून तो गाड्यांचे नंबर लिहितो. चिमी याबद्दल कधी बोलली नाही. नऊ वाजता यायची, तांदूळ निवडायची, पातेलं चढवायची. कोणतं पोर उपाशी आलंय हे आमच्या हजेरीआधी तिला कळायचं आणि त्याच्या ताटात न बोलता एक डाव जास्त पडायचा. मी एकटी राहते, सकाळी पाव खाऊन येते, हे तिने कुठून तरी हेरलं. तेव्हापासून दर शनिवारी माझ्या टेबलावर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. नको म्हटलं तर ऐकू येत नसल्यासारखं करायची.

तिची थोरली मुलगी करिष्मा माझ्या वर्गात आली. मोत्यासारखं अक्षर. फळ्यावरचं ती असं उतरवायची की मी तिची वही साहेबांना दाखवायची. मार्चमध्ये एकेकाला जवळ बोलावून वाचायला लावलं, तेव्हा तिने पाठातला उतारा घडाघडा म्हटला. मला संशय आला म्हणून मी दुसऱ्याच पुस्तकातली चार ओळींची गोष्ट तिच्यापुढे धरली. करिष्माने बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि तिथेच राहिलं. पोर वाचत नव्हती, अक्षरांची चित्रं काढत होती.

आता आमच्या श्रेण्यांचं सांगते. अ-एक पासून इ-दोन पर्यंत नऊ पायऱ्या आहेत. पालकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. एक बाप अ-दोन मिळालं म्हणून खूश होऊन गेला, कारण दोन हे एकापेक्षा जास्त. आम्ही शिक्षक खोलीत त्यावर पोट धरून हसलो होतो. करिष्माची पायरी ड होती. ड म्हणजे मूल मागे आहे, त्याला जादा तास द्यायचा. जादा तासाच्या मुलांची यादी लावायची जागा एकच, स्वयंपाकघराची बाहेरची भिंत, कारण तेवढीच पावसात भिजत नाही. त्या यादीतल्या पोरांना बाकीची पोरं ढ म्हणून चिडवायची, आणि ती भिंत रोज चिमी पुसायची.

मी ब-एक लिहिलं. भाकरीला जागले म्हणा, नाहीतर भित्री म्हणा. मी फार कडक बाई म्हणून प्रसिद्ध आहे, वेलांटी चुकली तर वही परत करते. पण चिमीच्या डोळ्यांसमोर तिच्या मुलीचं नाव त्या भिंतीवर चिकटवायची माझी छाती झाली नाही. पुढच्या वर्षी सुधारेल, असं मी स्वतःला सांगितलं.

एक मेला निकाल दिला. चिमीने प्रगतिपुस्तकावर बोट फिरवत तिचं अक्षर शोधलं आणि ते सापडल्यावर मला विचारलं, म्हणजे चांगलं ना? मी म्हटलं, चांगलं आहे. तिने त्या दिवशी सगळ्या शाळेला गुळाचा खडा वाटला.

पुढचे शिक्षकही माझ्याच वाटेने गेले. मागच्या वर्षी ब असलेली मुलगी तुमच्या हाताखाली ड कशी झाली, या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा ब लिहिणं सोपं. सातवीपर्यंत पाच वेळा ब आला आणि पाच वेळा गूळ वाटला गेला. मग करिष्मा आठवीला गावातल्या मोठ्या हायस्कुलात गेली. आठवीला आता वार्षिक परीक्षा असते, नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर तोच वर्ग पुन्हा. करिष्मा दोन्ही वेळा नापास झाली. गणितात अकरा, विज्ञानात नऊ.

शाळा सुटल्यावर चिमी माझ्या वर्गात आली. पिशवीतून तिने प्रगतिपुस्तकं काढली आणि एकेक करून टेबलावर मांडली. ती भांडायला आली नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की हायस्कूलवाल्यांची काहीतरी चूक झाली आहे, आणि मी हे सगळे ब घेऊन तिच्याबरोबर तिथे यावं. हरिचंद्र पोरीला घरी बसवायला निघाला होता. उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात त्याची बहीण भागीरथी जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, तिथे करिष्माला लावायचं त्याने ठरवलं होतं. बाईंनी सांगितलं तरच थांबेन, असं तो म्हणाला होता.

मी हायस्कुलात गेले नाही. त्यांच्या घरी गेले. हरिचंद्र युनिफॉर्म घालून ड्युटीवर निघायच्या बेतात होता. त्याने मला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "बाई, आजून एक वरीस आठवीत बसवली तं पास व्हईल?"

या वेळी मी खरं बोलले. तिला आठवी कळणार नाही, तिला वाचायलाच येत नाही, तिसरीपासून सुरुवात करावी लागेल. दोन वर्षं तरी. रोज मी शिकवते, पैसे नकोत.

"तवरं ती सोला वर्षांची व्हईल," हरिचंद्र म्हणाला. त्याने टोपी घातली. "सात वर्सं तुमीच शिकवीत व्हतांव ना?"

चिमी चुलीकडे तोंड करून बसली होती. करिष्मा दारात होती. मला पोचवायला ती रस्त्यापर्यंत आली आणि तिथे तिने, अजिबात तक्रार न करता, मला सांगितलं, "बाई, तुमाला म्हाईत व्हता ना? मना वाटायचा, बाईंना म्हाईत हाय, म्हंजे आज ना उद्या शिकवतील." पाच वर्षं ती पोर बोलावण्याची वाट बघत बसली होती. मी रिक्षात बसून घरापर्यंत रडले. त्याचा कुणाला काय उपयोग!

करिष्मा दोन रविवार माझ्याकडे शिकायला आली. तिसऱ्या रविवारी कारखाना चालू होता. मग दिवाळीची घाई लागली आणि सगळेच रविवार चालू राहिले. आता ती सकाळी आठला आत्याबरोबर जाते आणि अंधार पडल्यावर येते.

चिमी कामावर येत राहिली. खिचडी तशीच, जादा डाव तसाच. शनिवारची भाकरी मात्र थांबली. मला वाटलं होतं की मला त्याचं वाईट वाटेल, पण सुटल्यासारखंच वाटलं.

तिची धाकटी, कीर्ती, यंदा माझ्या वर्गात होती. मार्चमध्ये तिला वाचायला बोलावलं, तर तीही अडली. निकालपत्रकं भरायला घेतली त्या दुपारी चिमी हात पुसत दारात उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "बाई, जे हाय तेच लिवा."

मी लिहिलं. कीर्तीचं नाव जादा तासाच्या यादीत घातलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर मीच चिकटवलं. एक मेला चिमीने प्रगतिपुस्तक हातात घेतलं, बोट वरून खाली नेलं. तिचं अक्षर कुठेच नव्हतं.

"ह्या कंचा अक्षर?"

"ड," मी म्हटलं. "म्हणजे मागे आहे. जूनपासून रोज शाळा सुटल्यावर मी थांबेन तिच्यासाठी. वाचायला लागेल ती."

"लागंल?"

"लागेल. अजून वेळ गेलेली नाही."

तिने त्या ड वरून बोट फिरवलं. बाहेर पोरं निकाल घेऊन ओरडत पळत होती. मग तिने मान वर न करता विचारलं, "करिष्माचा पन ह्योच व्हता?"

"हो."

"तिसरीत?"

"तिसरीत," मी म्हटलं.

चिमीने प्रगतिपुस्तकाची नीट घडी घातली, पदराखाली धरली आणि पातेलं घासायला निघून गेली.