भाकरीच्या सायकलचं इंजिन

माझ्या बायकोने पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि तोही माझ्यामुळे. तिची सायकल लेडीज, वरच्या दांडीशिवायची. इंजिन बसवायचं म्हणून मी सायकलला ती दांडी जोडून घेतली होती. दांडी आल्यावर साडी नेसून सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "लोक हसतील की." मी म्हटलं, "हसू दे. पुलावर चढलीस की गप बसतील."

पण सायकल पुलावर चढलीच नाही.

ती कडक भाकरी करते. ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळपासून तवा तापलेला असतो. रेल्वे पुलापलीकडच्या खानावळी आणि दुकानं तिची गिऱ्हाईकं. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे अडकवून वीस वर्षं ती स्वतः पायडल मारत भाकरी पोचवत आली. मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा. रिक्षात गचक्यांनी भाकरीचा चुरा व्हायचा. स्कूटर शिक म्हटलं तर म्हणायची, "नको. माझ्या सायकलचा तोल मला ठावा हाय."

म्हणून मी ते छोटं इंजिन आणलं. शहाळ्याएवढं, सायकलच्या त्रिकोणात बसणारं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. ते बसवायला मला एकच दिवस लागला. मी पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग पुन्हा चालू करणारा माणूस. आडवा धागा नेणारा धोटा कुठं अडकतोय ते मला मागाकडे नुसतं बघून कळायचं. एवढ्याशा इंजिनाचं काय घेऊन बसायचं, असं मला वाटलं.

सपाट रस्त्यावर सायकल झकास पळाली. पुलाच्या चढाला लागली की मात्र तिचा दम जायचा. बायको पायडल मारायची, तरी भागायचं नाही, मग उतरून ढकलायची. इंजिनाचं वजन अंगावर वाढलं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात तिचे गुडघे आधीपेक्षा जास्त सुजले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वर्कशॉपवाला आहे. तो म्हणाला, "मामा, खेळणं हाय ते. ताकद पायजे तर मोठी गाडी घ्या." माझ्या मनाला ते लागलं. मी रोज दुपारी इंजिन उघडू लागलो. प्लग बदलला. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी काढली. जास्त ताकदीला जास्त पेट्रोल लागणार, या हिशेबाने कार्ब्युरेटरची सुई वर उचलून पेट्रोल वाढवलं. दर वेळी मी स्वतः गल्लीतून एक फेरी मारायचो आणि दर वेळी मला वाटायचं, जमलं! संध्याकाळी ती परत आली की चेहऱ्यावरूनच कळायचं, जमलेलं नाही.

एक दिवस तिने डबे खाली ठेवले आणि म्हणाली, "अवं, आवाज फाटतोय त्याचा. चढावर मोकळा सूर लागतच न्हाई. नाक चोंदल्यासारखं करतंय."

"मला नीट ऐकू येतंय की. फटफट फटफट, एकसारखा."

"तुमाला?" ती थांबली. मग बोललीच. "दाराची कडी वाजलेली तरी ऐकू येती का तुमाला? शेजारीण परवा दहा मिनिटं कडी वाजवत हुती. तुमी आत बसून पेपर वाचत हुता."

मी उठून बाहेर गेलो. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो.

पस्तीस वर्षं चाळीस मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाच्या कानाचं काय होतं, ते आमच्या पेठेत सगळ्यांना माहीत आहे. शेडमधले आम्ही सगळे मोठ्याने बोलतो, समोरच्याच्या ओठांकडे बघतो. डावा कान जवळजवळ गेला, उजवा अर्धा, हे मलाही माहीत होतं. पण ते मी कधी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. लांब राहणाऱ्या आमच्या मुलीजवळसुद्धा नाही. फोनवर तिचं निम्मं बोलणं मी अंदाजाने समजून घ्यायचो.

तिसऱ्या दिवशी मी प्लग काढून हातात घेतला. काळाकुट्ट आणि ओला. पेट्रोल जास्त झालंय हे प्लग सांगत होता, बायको सांगत होती, आणि मी एकटा आपलंच खरं करत बसलो होतो. ती पीठ मळत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "रविवारी पुलावर येशील माझ्यासंगं? तू ऐक. मी सुई फिरवतो."

तिने वर बघितलं. "डबे भरून घ्यायचे. रिकाम्या सायकलीवर कळणार न्हाई."

हे मला सुचलं नव्हतं. मी इतके दिवस रिकामी सायकल सपाट गल्लीत फिरवून बघत होतो.

रविवारी सकाळी पुलाच्या पायथ्याशी मी पान्हे मांडून बसलो. ती भरलेले डबे घेऊन अर्ध्या चढापर्यंत जायची, वळून परत यायची, माझ्या उजव्या कानाशी वाकायची आणि इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायची. "घर्र-फट, घर्र-फट," ती म्हणाली. मी सुई एक खाच खाली घेतली, म्हणजे पेट्रोल कमी झालं. पुन्हा गेली, पुन्हा आली. "घर्र गेलं. पण आता कोरडं खणखणतंय, रिकामं भांडं वाजवल्यावानी." मी घाबरलो. पेट्रोल फार कमी पडलं तर इंजिन तापून जाम होतं. एक खाच वर नको होती, एक खाच खालीही नको होती. मी खिशातून पातळ वायसर, म्हणजे पत्र्याची चकती, काढला, घासून आणखी पातळ केला आणि सुईच्या क्लिपखाली ठेवला. अर्धी खाच झाली. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबून बघत होती. एक बाई नवऱ्याच्या कानाशी वाकून तोंडाने इंजिनाचा आवाज काढून दाखवते आहे, हे त्यांना नवीन असणार.

ती परत आली तेव्हा तिने तोंडाने आवाज काढलाच नाही. म्हणाली, "आता सूर लागलाय. पण अजून श्वास कमी पडतोय त्याला."

श्वास म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात आलं. मी कार्ब्युरेटर सोडवला आणि हवा आत जाते त्या भोकात करंगळी घातली. सांध्यात बसवलेल्या गॅस्केटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या पट्टीची, कड आत आली होती. भोक मोठं आणि गॅस्केटचं छिद्र लहान. दारात अर्धा पडदा लावल्यासारखं. त्या दिवशी आम्ही घरी आलो. मी गॅस्केट कापून भोकाबरोबर केलं, आत ओतकामाचा खडबडीत काठ राहिला होता तो गोल कानशीने अगदी हलक्या हाताने घासला, पॉलिश पेपर फिरवला आणि भुकटीचा कण आत राहू नये म्हणून पेट्रोलने तीनदा धुतलं. कान गेले असले तरी माझी बोटं अजून शाबूत आहेत.

सोमवारी सगळे डबे भरून ती निघाली. मी आधीच चालत पुलाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिलो. मला आवाज येत नव्हता, म्हणून मी तिच्या पायांकडे बघत राहिलो. चढ सुरू झाला. पाय पायडलवर होते, पण हलत नव्हते. अर्धा चढ झाला, तरी हलले नाहीत. ओढणी मागे उडत होती. सायकल सावकाश पण न अडखळता वर येत होती, एका हातगाडीला मागे टाकून. माझ्याजवळून जाताना तिने माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही, इतकी ताठ बसली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षांत किती माग चालू केले असतील, पण असा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

वर्कशॉपवाल्याने स्वतः येऊन सायकल बघितली. "काय केलं मामा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मामीला विचार. मी फक्त पान्हा धरला."

आता सायकलीला अशी इंजिनं बसवलेले लोक रविवारी आमच्या दाराशी येतात. कुणी चहापत्ती विकणारा, कुणी चादरींची गाठोडी वाहणारा. मागच्या महिन्यात अक्कलकोटकडचे एक वयस्कर गृहस्थ आले होते, त्यांना मराठी जेमतेम येत होतं. बायकोचं माहेर तिकडचंच. तिने त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत सायकल दोनदा चढावर नेऊन आणली, आणि मला मराठीत सांगितलं, "ह्याच्या सायलेन्सरमधी काजळी हाय. सुईला हात लावू नका."

मी सायलेन्सर उघडला. काजळी होती.