कोपराचं इंजेक्शन

उजव्या कोपराने मला वर्षभर छळलं. शाळेत फळ्यावर लिहायला हात उचलला की कळ थेट मनगटापर्यंत यायची. घरी कपडे पिळता येईनात. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टाही झाला. शेवटी अमरावतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी पीआरपी सुचवलं. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि त्यातला पिवळसर भाग दुखऱ्या जागी टोचायचा. "गुण येईलच असं नाही," हेही त्यांनी सांगून टाकलं.

ठरल्या दिवशी बडनेऱ्याहून निघताना मला धडधडत होतं. नवरा रेल्वेत आहे, त्याने रजा टाकली होती. म्हणाला, "काहून घाबरून राहिली? मी हावो ना संग."

सिस्टरने माझ्या डाव्या हातातून रक्त घ्यायला सुरुवात केली. नळी भरू लागली तसा नवरा म्हणाला, "लय गरम होऊन राहिलं इथं." मग तो स्टुलावरून खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला.

खोलीत पलंग एकच होता. तो त्याला दिला. सिस्टरने त्याच्या पायांखाली उशी सरकवली, साखरपाणी पाजलं. तोवर माझं रक्त फिरून तयार झालं. डॉक्टर आत आले, पलंगाकडे बघून म्हणाले, "पेशंट कोण?"

मी स्टुलावरून हात वर केला. डावा.

इंजेक्शन भयंकर दुखलं. मी ओरडले. पलंगावरून आवाज आला, "झालं काय?"

"झालं."

"मले तर काही समजलंच नाही."

घरी पोचलो तर सासूबाई दारातच उभ्या. त्याने रस्त्यातूनच फोन केला होता. त्यांनी लेकाच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "याले आधी बसू दे." संध्याकाळी शेजारच्या काकूही त्याला बघायला आल्या. मी डाव्या हाताने चहा गाळला. राग आला होता, पण तो खरंच पांढराफटक दिसत होता.

पहिले काही दिवस दुखणं उलट वाढलं. जोर लावायची मनाई होती, म्हणून कपडे नवरा पिळायचा. इतके जोरात, की माझ्या दोन ब्लाउजांची शिवण उसवली. पण पिळत होता, हेच पुष्कळ होतं.

दोनेक महिन्यांनी फळ्यावर लिहिताना हात दुखत नाही हे अचानक लक्षात आलं. मुलांकडे पाठ करून मी उगाच आणखी चार ओळी लिहिल्या. भरलेली बादली मात्र अजून डाव्या हातानेच उचलते.