खालच्या गॅलरीतला दोडका

हडपसरच्या आमच्या सोसायटीत माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे काका कमी बोलतात, आणि बोललेच तर टोमणा मारतात. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर पडलं, तेव्हापासून तर अबोलाच होता.

चैत्रात त्यांनी गॅलरीत दोडका लावला. रोज सकाळी ते वेलाला दटावायचे, "सरळ चढ, लोंबकळू नकोस." वेल चढत चढत थेट माझ्या गजांना बिलगला. मी घाबरतच खाली वाकून विचारलं, "काका, वेल वर आलाय. काढू का?"

"का? चावतोय तुम्हाला?"

पहिला दोडका तयार झाला, तेव्हा ते कात्री घेऊन स्वतः वर आले. दोडका कापून त्यांनी माझ्याच हातात ठेवला.

"भाजीत गूळ घालू नका," म्हणाले, आणि चहाला बसले.