तीन म्हात्रे आणि एक जागा

कॉलेजच्या जिमखाना समितीवर कुणाला घेतात? ज्याला खेळातलं काही कळत नाही आणि नाही म्हणता येत नाही, त्याला. मी भूगोल शिकवायचो आणि दोन्ही अटींत चपखल बसायचो. नव्वदच्या दशकात वाशीतल्या आमच्या कॉलेजात या समितीवर मी सहा वर्षं काढली. किस्से गोळा करावे लागले नाहीत. मीटिंगच्या वहीत जे लिहिता येत नाही ते घरी येतं आणि साचत जातं. वंदना म्हात्रेचं प्रकरण त्यातलंच. अजूनही सांगायला बसलो की आधी दमायला होतं.

वंदना तळवलीची. पनवेलकडच्या एका कॉलेजात एक वर्ष बास्केटबॉल खेळली, मग तिथली मुलींची टीमच बंद पडली. तिला सेकंड इयरला आमच्याकडे यायचं होतं. खेळाडूंसाठी आमच्याकडे एकच जागा होती. इकडे घरची जमीन गेली त्या बदल्यात बेलापूर रोडवरच्या एका कंपनीने तिच्या नावाने नोकरीचं पत्र दिलं होतं. एकतीस जुलैपर्यंत हजर झाली नाही तर ते रद्द. वडिलांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "कॉलेजनं घेतली तर कॉलेज. नायतर कंपनी."

आणि तिचा अर्ज आला दहा जुलैला, आमच्यासारख्यांच्या हातात.

* * *

आमचे खेळाचे सावंत सर जुन्या वळणाचे. खेळाडू आला की त्याला जिमखान्याच्या भिंतीला उभा करून हात वर करायला लावायचे आणि खडूने रेघ मारायचे. मग म्हणायचे, "आता पॉइंट सांग." उंची आणि पॉइंट, झालं मूल्यमापन.

वंदनाची रेघ बरीच खाली आली. सरांनी जुन्या कॉलेजचं स्कोअरबुक उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हात्रे, एका मॅचमध्ये बावीस पॉइंट. पुढच्या मॅचला अठरा.

"स्कोअरबुक खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "जागा हिची."

वंदना भिंतीवरचा खडू लागलेली बोटं ओढणीला पुसत होती. ती म्हणाली, "सर, ते पॉइंट माझे नाय. आमी तिघी म्हात्रे होतो. लिवणारा नुसतं म्हात्रे लिवायचा."

"मग तुझे किती?"

"माझे दोन-चार असतील."

सरांनी स्कोअरबुक मिटलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी खरं बोलून स्वतःचं वाटोळं करणार." मला तेव्हा तिचा राग आला होता, हे कबूल करतो. गप्प राहिली असती तर माझी एक मीटिंग वाचली असती.

* * *

दुसरं मत हवं म्हणून वंदनाला आमच्या मुलींबरोबर तीन दिवस सराव मॅच खेळवल्या आणि बघायला स्टॅटिस्टिक्सच्या कुलकर्णी मॅडमना बोलावलं. मॅडमनी जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बघून त्या म्हणाल्या, "ह्या बॉल आपटत का पळतात? हातात धरून पळाल्या तर लवकर पोचतील."

सावंत सर पाणी प्यायला म्हणून गेले ते अर्ध्या तासाने आले.

तिसऱ्या दिवशी मात्र मॅडमनी आम्हाला गप्प केलं. त्या बॉलकडे बघतच नव्हत्या. वहीत दोनच रकाने होते: वंदना आत असताना आपल्या टीमने किती केले, समोरच्यांनी किती केले. मग वंदना बाहेर असताना तेच. शेवटी वजाबाकी. असं काही परदेशात करतात का ते त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

"ही आत असते तेव्हा आपण चौदाने पुढे," मॅडम म्हणाल्या. "बाहेर बसली की नऊने मागे. आणि हिने स्वतः बॉल जाळीत टाकलाय एकदाच."

"म्हणजे बाकीच्या चांगल्या खेळल्या," सावंत सर म्हणाले.

"बाकीच्या मी रोज बदलल्या, सर. चौदा बदलले नाहीत."

* * *

मग आकडे कॉम्प्युटरवर घालायचे ठरलं. कॉलेजात एकच कॉम्प्युटर, एसी खोलीत, चपला बाहेर काढून आत जायचं, अगदी देवघर. मॅडमनी दोन दिवस बसून तक्ता केला. तिसऱ्या दिवशी कपाटातून काढलेली फ्लॉपी उघडेना. लॅबवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली, फुंकर मारली आणि विचारलं, "मॅडम, कपाटाला लोहचुंबक होतं का?"

होतं. कपाटाचं दार बंद राहावं म्हणून मीच लावलं होतं. मॅडम वही घेऊन परत पहिल्यापासून बसल्या. त्यात चार दिवस गेले.

* * *

जुन्या कॉलेजचा ना हरकत दाखला आला. त्यात लिहिलं होतं: "सदर खेळाडूचा संघास विशेष उपयोग नसल्याने आमची हरकत नाही."

समितीत तो मोठ्याने वाचायचं काम माझं. मी 'सदर खेळाडू' म्हणालो, खोकलो आणि थेट 'हरकत नाही'वर उतरलो. आयुष्यात केलेलं एकमेव चांगलं संपादन.

* * *

अठ्ठावीस जुलैला प्राचार्यांनी वंदनाला आत बोलावलं. आमच्या फॉर्मवर एकच रकाना होता, 'प्रति सामना सरासरी गुण'. त्यापुढे मॅडमनी वजाबाकी लिहून खाली तीन ओळींची टीप जोडली होती. प्राचार्यांनी चष्मा वर केला.

"मला हे काही समजत नाही. तू सांग, तुझे पॉइंट किती?"

"दोन, सर."

"दोन पॉइंटवर जागा कशी द्यायची?"

वंदना म्हणाली, "सर, माझ्यासमोरच्या पोरीचे किती झाले ते बी इचारा ना."

"किती झाले?"

"तीन मॅचमधे एक. तो बी फ्री थ्रो. सरांनी फाउल दिलावता."

सावंत सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "फाउल नव्हता तो."

वंदनाला बाहेर पाठवून प्राचार्यांनी सही केली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी समितीतल्या सगळ्यांना कँटीनमध्ये बटाटेवडा खिलवला. आमच्याकडे निवड तोंडी सांगायची पद्धत नव्हती. पत्र आवक-जावक रजिस्टरमध्ये चढवून पोस्टानेच पाठवायचं. तळवली बसने अर्ध्या तासावर. मी पत्र चढवलं, पोस्टात टाकायला दिलं आणि नियम पाळल्याच्या समाधानात घरी गेलो.

* * *

तीन ऑगस्टला वंदनाचे वडील आले. हातात आमचं पाकीट, न फोडलेलं. पोरीचे मूळ दाखले परत हवे होते, कंपनीत लागणार होते. ती एकतीसला हजर झाली होती.

"ह्ये काल आलं," ते म्हणाले. "पोर बोलली, आता कशाला फोडायचं. पन काय लिवलंय त्यात?"

मी फोडून वाचलं.  एवढ्या तीन आठवड्यांत मला कधी लाज वाटली असेल तर ती तेव्हा.

त्यांनी कागद माझ्याकडून हातात घेतला. मग म्हणाले, "म्हंजे आमची वंदना चांगली खेळते?"

"हो."

"किती चांगली?"

मी शेजारच्या टेबलाशी बसलेल्या कुलकर्णी मॅडमकडे बघितलं. सगळे तक्ते त्यांच्या पुढ्यातच होते. मॅडमनी वही मिटली.

"खूप," त्या म्हणाल्या.